जपानला जाता येत नाही तेव्हा नातं कसं राखायचं

२०१८ साली एप्रिल ते डिसेंबर मी जपानच्या तोचिगी प्रांतात शेतीच्या प्रशिक्षणाला होते. टोकियोच्या उत्तरेला हा प्रांत. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात मी बचत गटाचं काम बघते, घरची तीन एकर धानाची शेती आहे, त्यातून माझी निवड झाली होती. प्रशिक्षणात मधले काही आठवडे आम्हाला शेतकऱ्यांच्या घरी राहायला पाठवलं. माझ्या वाट्याला दक्षिण तोचिगीतलं एक घर आलं. सत्तरीतलं जोडपं, शेजारच्या गावात दिलेली मुलगी, धानाच्या बांध्या (खाचरं) आणि भोपळ्याचं शेत. त्या बाईला मी ओकासान म्हणायचे, म्हणजे आई. तिच्या नवऱ्याला ओतोसान, म्हणजे बाबा. निघताना मी त्यांना शब्द दिला होता की २०२० च्या मे महिन्यात तुमच्या रोवणीला येते.

तिकिटाचे पैसे साठवून झाले होते. २३ मार्च २०२० पासून भारतातून परदेशी जाणारी नियमित विमानं बंद झाली, ती सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. जपाननं तर स्वतःहून येणाऱ्या पर्यटकाला दार उघडलं थेट ११ ऑक्टोबर २०२२ ला. तोवर आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला होता. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं माझ्याकडे आहे. गावाबाहेर दोन रात्री काढणंही जमत नाही. म्हणजे आधी सरकारांनी रस्ता अडवला होता, मग घरानं अडवला. मी २०१८ नंतर जपानला गेलेले नाही. तरीही त्या घरात आज काय चाललं आहे ते मला माहीत असतं, आणि माझ्या घरात काय चाललं आहे ते त्यांना. हे कसं जमवलं ते इथं लिहिते. ज्यांचा व्हिसा अडला आहे, ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांना पैशाअभावी जाता येत नाही, त्यांच्यासाठी. माझं सगळं जपानपुरतं आहे, पण यातलं बरंच कुठल्याही देशाला लागू पडेल.

आधी एक घर धरा

सुरुवातीला माझी चूक झाली, ती आधी सांगते. टाळेबंदीच्या पहिल्या दोन महिन्यांत मी रोज रात्री मोबाइलवर जपान बघत बसायचे. कुणीतरी कॅमेरा घेऊन टोकियोच्या रस्त्यांवरून चालतंय, पाऊस पडतोय, दुकानांचे दिवे ओल्या रस्त्यावर पडलेत. बघून झालं की जीव आणखी उदास व्हायचा, कारण त्या रस्त्यांवर मला ओळखणारं कुणीच नव्हतं. जूनमध्ये मृग लागला, पऱ्हे टाकायची, म्हणजे रोपांसाठी धान पेरायची, घाई सुरू झाली आणि ते बघणं आपोआप सुटलं. एका सकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मी आमच्या बांधीचा फोटो काढला आणि ओकासानच्या मुलीला पाठवला. अर्ध्या तासात तिच्याकडून तिच्या वडिलांच्या बांधीचा फोटो आला. त्यांची रोवणी मे महिन्यातच झालेली, धान वीतभर वर आलेलं, कडेला ओतोसानची पांढरी टोपी. दोन महिने जे व्हिडिओ बघितले त्यांतलं मला एकही दृश्य आठवत नाही. ती टोपी आठवते.

देश फार मोठा असतो, त्याला आपली आठवण येत नाही. घराला येते. म्हणून पहिलं काम हे की त्या देशातलं एक घर, एक दुकान, एक शाळा, एक माणूस ठरवा, आणि तिथलं बारीकसारीक विचारत राहा. शेजाऱ्याच्या कुत्र्याचं काय झालं, या वर्षी पाऊस वेळेवर आला का, छतावरची कौलं बदलली का. बातम्यांत जे येतं ते सगळ्यांना कळतं. हे फक्त तुम्हाला कळेल.

आमच्यात तेव्हापासून एक नेम आहे. दर रविवारी मी आणि ओकासान, दोघींनी आपापल्या बांधीचा एक फोटो काढायचा, आणि जागा बदलायची नाही. माझ्या फोटोत डाव्या हाताला निंबाचं झाड असतं, तिच्या फोटोत विजेचा खांब. हिवाळ्यात बांधी रिकामी असली तरी काढायचा. आमच्याकडे तेव्हा धुऱ्यावर तुरी असतात आणि बांधीत लाखोरी, तिच्याकडे दंवानं पांढरी पडलेली माती. सप्टेंबरात त्यांचं धान कापून घरात जातं तेव्हा आमचं नुकतं निसवत असतं. वर्षभराचे फोटो एकाखाली एक ठेवले की दोन गावांचं पंचांग तयार होतं. हे करायला जपानी भाषा लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि रेंज नसेल तर फोटो उद्या गेला तरी चालतो.

साडेतीन तासांचा हिशोब

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, उन्हाळा-हिवाळा कधीच बदलत नाही. हा हिशोब सोपा वाटतो, पण इथंच पुष्कळांचं नातं ढिलं पडतं. आपल्याला सवड मिळते ती रात्री जेवणं आटोपल्यावर, नऊ वाजता. तिकडे तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात. आपण फोन करत नाही, उद्या करू म्हणतो, आणि असे महिने जातात.

यावर उपाय एकच, आपल्या दुपारचा वेळ मोकळा काढायचा. शेतकऱ्याच्या घरी तिकडे सहाच्या सुमारास जेवण होतं, नऊला माणसं झोपतात. म्हणजे आपल्याकडे अडीच ते साडेपाच हाच काळ कामाचा. मी रविवारी दुपारी साडेतीन ठरवून टाकले, तिकडचे सात. त्या वेळी मी मामाजींना औषध देऊन तलावाच्या पाळीवर जाते, कारण आमच्या मामा तलावाची, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाची, पाळ सोडली तर गावात व्हिडिओ चालेल अशी रेंज कुठेच येत नाही. पहिल्या वर्षी गुराखी पोरं विचारायची, मावशी कोणाशी बोलते. आता तीच पोरं मोबाइलमध्ये डोकावून ‘कोन्निचिवा’ म्हणतात.

जपानी माणसं न विचारता फोन करत नाहीत. आधी दोन ओळी लिहून विचारतात, मग करतात. आपणही तसंच करावं. आणि तिकडे व्हॉट्सअॅप फारसं कुणी वापरत नाही, सगळं लाइन या अॅपवर चालतं. लाइनचं खातं बनवताना त्यात ईमेल आणि पासवर्ड नोंदवून ठेवा, गप्पांचा बॅकअप घेत राहा. २०२१ च्या रोवणीत माझा मोबाइल चिखलात पडला तो उठलाच नाही. नव्या फोनवर जुन्या गप्पा आल्या नाहीत, फोटो गेले. ओतोसानचा भोपळा उचललेला एक फोटो होता, तो फक्त त्यांच्या मुलीकडे उरला होता, तिच्याकडून परत मागून घेतला.

घरच्या दूरध्वनीचा नंबर वहीत लिहून ठेवा. म्हातारी माणसं मोबाइलपेक्षा तो फोन पटकन उचलतात. जपानचा कोड ८१, आणि त्यांच्या नंबराच्या सुरुवातीचं शून्य गाळायचं. नंबर ०२८५ नं सुरू होत असेल तर आपण ८१-२८५ असं लावायचं. हे शून्य न गाळल्यामुळे मी पहिल्यांदा आठवडाभर फोन लावत होते आणि लागत नव्हता.

दाइजी?

तोचिगीतल्या खेड्यांत ‘ठीक आहेस ना’ हे विचारायला ‘दाइजी?’ म्हणतात. पुस्तकात तुम्ही शिकाल तो शब्द ‘दाइजोबु’. आमच्या वर्गात तोच शिकवला होता. ओकासानच्या तोंडी मात्र दाइजीच. आपल्याकडे झाडीपट्टीतली बाई पुण्याच्या पुस्तकासारखी बोलत नाही, तसंच ते. भाषा टिकवायची असेल तर पुस्तकाचा धडा आठवड्यातून एकदा वाचा, पण त्या घरातले पाच-दहा शब्द रोज तोंडात ठेवा. मी चुलीपुढे बसून मोठ्यानं म्हणते. ऐकण्यासाठी एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची, ‘एनएचके वर्ल्ड जपान’ची, हिंदी सेवा चांगली आहे, त्यांचे सोप्या जपानीचे धडेही हिंदीतून आहेत. ‘न्यूज वेब ईझी’ या त्यांच्याच पानावर सोप्या जपानीत बातम्या असतात, कांजी, म्हणजे चिनी वळणाच्या, अक्षरांवर बारीक अक्षरांत उच्चार लिहिलेला असतो. मला रोज एक बातमी पुरते.

या शब्दानं मला एकदा फार मोठा आधार दिला. १३ फेब्रुवारी २०२१, शनिवार. संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील, मी भाकरी थापत होते. मोबाइल वाजला. तोचिगीशेजारच्या फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात भूकंप, ७.३ तीव्रतेचा. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. हात पिठाचे होते, तसाच मोबाइल उचलला.

अशा वेळी काय करायचं ते नीट लक्षात ठेवा. पहिली गोष्ट, तो ७.३ आकडा बघून घाबरू नका. तो भूकंपात सुटलेल्या शक्तीचा आकडा आहे, तुमच्या माणसाच्या गावाला किती हादरा बसला ते त्यातून कळत नाही. जपानचं हवामान खातं गावागावाचा हादरा वेगळ्या मापानं सांगतं, त्याला शिंदो म्हणतात. तो शून्यापासून सातपर्यंत असतो, पाच आणि सहाचे प्रत्येकी दोन भाग, खालचा आणि वरचा. चारला छताचे दिवे जोरात झुलतात, माणसं दचकून उठतात. सहाच्या वरच्या भागात माणसाला उभं राहणं शक्य नसतं. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर नकाशा असतो, त्यात आपल्या माणसाची नगरपालिका शोधायची. म्हणून तिचं नाव कांजीत कसं लिहितात ते आधीच वहीत उतरवून ठेवा. ऐन वेळी शोधायला गेलात तर हात थरथरतो.

दुसरी गोष्ट, लगेच फोन लावू नका. तिथल्या फोनच्या तारा त्या वेळी त्यांनाच लागतात. एक ओळ लिहून पाठवा आणि थांबा. मी फक्त ‘दाइजी?’ लिहिलं. भाकरी तव्यावर करपली. साधारण अर्ध्या तासानं उत्तर आलं, ‘दाइजी, दाइजी. कपाटातल्या दोन वाट्या फुटल्या.’ त्या दोन वाट्यांचं वाचून मला रडू आलं, कारण जिवाला काही झालं असतं तर वाट्या कोण मोजतं. तिसरी गोष्ट, उत्तर आलंच नाही तर जपानमध्ये मोठ्या आपत्तीत १७१ नंबरची निरोपसेवा उघडतात, आणि तिचंच इंटरनेटवरचं रूप वेब १७१. त्यात घरचा फोन नंबर टाकला की त्या घरानं ठेवलेला निरोप वाचता येतो. ‘असं काही झालं तर तिथे निरोप ठेवा’ हे तुमच्या माणसांशी आधी बोलून घ्या.

पत्र लिहा, हातानं

रविवारचा फोन सुटतो, पत्र सुटत नाही. ओकासान माझी पत्रं देवघराशेजारच्या डब्यात ठेवते, असं तिच्या मुलीनं सांगितलं.

जपानी पत्ता आपल्या उलट असतो. आपण आधी माणसाचं नाव लिहितो, मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. ते आधी सात आकडी पिन, मग प्रांत, शहर, वस्ती, घरनंबर आणि शेवटी माणूस. मी तिच्याच अक्षरातला पत्ता लाइनवर फोटो काढून मागवला, पवनीत त्याच्या तीस झेरॉक्स काढल्या, आणि दर पत्रावर एक चिकटवते. खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत देशाचं नाव लिहायचं, कारण पाकीट भारताबाहेर जाईपर्यंत ते आपल्याच लोकांना वाचायचं असतं. एकदा एक पार्सल कुठे गेलं ते आजपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून कापड वगैरे काही असेल तर नोंदणी करते आणि पावती वहीत चिकटवते.

जपानी पत्र ऋतूपासून सुरू होतं. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असं आपण म्हणतो, तशी त्यांची पहिली ओळ हवा-पाण्याची असते. मी लिहिते, ‘आमच्याकडे मोह गळायला लागला, पहाटे टोपली घेऊन बाया जातात.’ एवढंच. पुढे घरचं. शब्द चुकले तर चुकू द्या, पण ऋतूची ओळ तुमच्याच गावाची पाहिजे. ओकासानला मोहाची फुलं कशी असतात ते मला चित्र काढून पाठवावं लागलं.

नवीन वर्षाचं कार्ड, नेन्गाजो, त्यांच्यात फार महत्त्वाचं. ते १ जानेवारीला घरी पोचतं. आपण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपालात टाकावं. पण एक गोष्ट नीट पाळा. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल ते घर नवीन वर्षाचं अभिनंदन करत नाही, आणि त्यांनाही ते सहसा कुणी पाठवत नाही. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षाचा सण करत नाहीत, तसंच. ते लोक साधारण नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीला तसं सांगणारं कार्ड पाठवतात. ते आलं की नेन्गाजो टाकायचं नाही. ७ जानेवारी उलटल्यावर ‘थंडीत प्रकृतीची काळजी घ्या’ असं साधं पत्र लिहायचं.

काय पाठवावं? बिया, फळं, धान, तणसाच्या वस्तू, मांस हे अजिबात नको. कीड-रोगांच्या भीतीनं जपानचे नियम फार कडक आहेत, आणि शेतकऱ्यानं तरी ते समजून घ्यावेत. मी आंधळगावच्या कोशाचं कापड पाठवते, हातरुमालाएवढं. वजन नाही, मोडत नाही. त्यांच्यात वस्तू चौकोनी कापडात गुंडाळून द्यायची रीत आहे, त्यामुळे कापडाचा उपयोग होतो.

भोपळा

आता माझ्या आवडीचा भाग. दक्षिण तोचिगीत भोपळ्याच्या लांबच लांब पट्ट्या वाळवतात, त्याला कान्प्यो म्हणतात. जपानात तयार होणारं जवळजवळ सगळं कान्प्यो याच प्रांतातलं. तो भोपळा म्हणजे आपल्या दुधीचाच भाऊबंद, एकच जात, फक्त गोल आणि सहा-सात किलोचा. जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात ओकासान पहाटे अडीच-तीनला उठायची, म्हणजे पट्ट्यांना सूर्याचं पहिलं ऊन मिळावं. एका चाकावर भोपळा बसवायचा, चाक फिरलं की हातातली रंध्यासारखी पाती त्याला लावायची. भोपळा गरगर फिरतो आणि पांढरी पट्टी झरझर खाली उतरते, आपल्याकडे चरख्यावर सूत उतरावं तशी, दीड-दोन मीटर लांब. खोलीभर काकडीसारखा वास. मग बांबूवर टांगायच्या, दोन दिवस ऊन.

आपल्याकडे वांग्याच्या खुला, म्हणजे वाळवलेल्या फोडी, करतात, सांडगे घालतात, त्यामुळे मला ते बघताना घरीच असल्यासारखं वाटलं होतं. आता दर वर्षी एप्रिलमध्ये मी इथं करते. तुम्हालाही करता येईल. कोवळा नको, फार जून नको, असा दुधी घ्या. आडव्या चकत्या करा, तीन बोटं जाडीच्या. मधला बियांचा गाभा काढा. मग चकतीच्या बाहेरच्या कडेपासून सुरीनं गोल गोल सोलत आत जा, कागदाची गुंडाळी उलगडावी तशी. पट्टी जाडजूड नको, पण तुटेल इतकी पातळही नको, दोन नाणी एकावर एक ठेवली तेवढी. आमच्या भंडाऱ्याच्या उन्हात एका दिवसात कडकडीत होतात, त्यामुळे संध्याकाळी लगेच काढून डब्यात भरायच्या, रात्री दव लागलं तर काळ्या पडतात. खायच्या वेळी मीठ लावून चोळायच्या, धुवायच्या, मऊ होईपर्यंत उकळायच्या, मग सोया सॉस आणि साखरेत आटवायच्या. चायनीजच्या गाडीवर मिळणारा घट्ट काळा सॉस घेऊ नका, तो नुसता रंग देतो. नागपूरला मोठ्या दुकानात जपानी पद्धतीचा मिळतो, एक बाटली वर्षभर पुरते. नसेल तर मीठ आणि थोडा गूळ. मामाजींना दात नाहीत, त्यांना हे मऊ भोपळ्याचं फार आवडतं.

आणि वर्षातून एकदा, जुलैतल्या एका रात्री, मी साडेअकरापर्यंत जागी राहते. तिकडे पहाटेचे तीन. मुलगी तेव्हा आईच्या मदतीला येते, कपाटावर मोबाइल ठेवते, आणि मी फक्त ते चाक ऐकते. बोलायचं काही नसतं. त्यांचे हात कामात असतात, मी इकडे तांदूळ निवडत बसते. रेंजसाठी पाळीवर रात्री जाता येत नाही, म्हणून व्हिडिओ बंद ठेवून नुसता आवाज घेते, तो घरातूनही येतो. जवळ असण्याची जी काही भावना माझ्यापाशी आहे, ती मला या एका तासात सगळ्यात जास्त येते. तुमच्या माणसाच्या कामाचा असा एक तास शोधा आणि त्याला सोबत द्या.

दोन चंद्र

आपली कोजागिरी अश्विनात. जपानी लोक चंद्र बघतात तो त्यांच्या चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पंधरावीला, बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पुनवेच्या आसपास. पण त्यांचा दुसराही एक चंद्र आहे, नवव्या महिन्यातली तेरावी रात्र. ती कोजागिरीच्या अगदी तोंडावर येते. आणि एक चंद्र बघून दुसरा न बघणं त्यांच्यात अशुभ मानतात, त्याला नावच आहे, काता-त्सुकिमी, म्हणजे एकांगी चंद्रदर्शन.

दोन्हीकडून एकत्र चंद्र बघायचा असेल तर ही तेरावी रात्र धरा. पुनवेला आपल्याकडे चंद्र दिवेलागणीनंतर वर येतो, तेव्हा तिकडे दहा वाजलेले असतात, म्हातारी माणसं पेंगतात. तेरावीचा चंद्र मात्र सूर्य बुडायच्या आधीच उगवलेला असतो. अंधार पडता पडता, सहा वाजता, तो आपल्याला दिसतो, आणि तिकडे साडेनऊच झालेले असतात.

२१ सप्टेंबर २०२१ ला पहिला चंद्र होता. ओतोसाननं ओसरीत बरणीत गवताचे तुरे लावले होते, आपल्या काशाच्या तुऱ्यांसारखे, आणि शेजारी तांदळाच्या पिठाचे पांढरे लाडू. ते जागे राहिले, आमच्याकडे चंद्र झाडावर येईपर्यंत. म्हणाले, पुढच्या महिन्यात लवकर बघू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते गेले. १८ ऑक्टोबरला दुसरा चंद्र होता. मला वाटलं होतं की त्या घरी आता कुणी बाहेर येणार नाही. साडेपाचला मुलीचा निरोप आला, ‘आई ओसरीत बसली आहे.’ मी पाळीवर गेले. आम्ही दोघी बोललो नाही. मी मोबाइल उलटा करून तलावातला चंद्र दाखवला. ओकासान बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, त्यांचा राहिलेला बघून झाला. दुसऱ्या दिवशी आमची कोजागिरी होती, दूध आटवलं, पहिली वाटी चंद्राला दाखवली ती ओतोसानच्या नावानं.

जाता येत नसताना कुणी गेलं तर काय करावं, हे मला तेव्हा शिकावं लागलं. आपल्याकडे तेराव्या दिवशी, त्यांच्यात बौद्ध रीतीनं एकोणपन्नासाव्या दिवशी मोठा विधी असतो. तारीख आणि वेळ विचारून घ्या, घरचे सोयीनं रविवारही धरतात. त्या वेळी आपल्या घरी दिवा लावून शांत बसा, आणि आपण बसलो होतो हे नंतर एका ओळीत कळवा. पाकिटात पैसे घालून पाठवू नका. मी चंदनाच्या उदबत्त्या पाठवल्या, त्या त्यांच्याकडे अशा वेळी पाठवायची रीतच आहे. पहिल्या वर्षीच्या ओबोनला, ऑगस्टच्या १३ ते १६ ला, पितर घरी येतात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, पितरांनी लवकर यावं म्हणून, आणि वांग्याची गाय, त्यांनी सावकाश परत जावं म्हणून. २०२२ ला माझ्या मुलीनं आमच्या परसातल्या वांग्याची गाय केली, फोटो पाठवला. त्यानंतर दोन आठवड्यांनी तान्हा पोळा, लहान पोरांचा पोळा. तिनं लाकडी नंदीचा फोटो पाठवला, तर तिकडून ओकासाननं विचारलं, ‘हा कुणाला घेऊन जातो?’

जवळचं जपान आणि कागदपत्रं

विदर्भात राहणाऱ्याला जपान शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्याच तालुक्यात रुयाडची महासमाधी भूमी आहे, तिथं जपानी भिक्खू येतात. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानी मदतीनं उभं राहिलं, १९९९ साली. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप निचिदात्सु फुजी गुरुजी या जपानी भिक्खूंच्या परंपरेतला. ते वर्ध्याला गांधीजींना भेटले होते आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यांच्या ‘नम् म्यो हो रेंगे क्यो’ नं होते. मी वर्षातून एकदा तरी रुयाडला जाते. तिथं जपानी कानावर पडलं की जीभ मोकळी होते.

कागदाचं थोडक्यात. पासपोर्ट संपू देऊ नका, जायचं नसलं तरी. ज्यांनी जपानमध्ये पगारी काम केलं आणि पेन्शनचा हप्ता भरला, त्यांना देश सोडल्यावर त्यातली काही रक्कम परत मागता येते, पण दोन वर्षांच्या आत. ज्यांच्याकडे राहण्याचं कार्ड अजून चालू आहे, त्यांनी विमानतळावर नुसती खूण करून मिळणारी पुनःप्रवेशाची सवलत एकाच वर्षाची असते हे विसरू नये. ती बाहेरून वाढवता येत नाही. जास्त दिवस लागतील असं वाटलं तर निघण्याआधीच रीतसर परवाना घ्यावा. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी जपानची वकिलात मुंबईला आहे.

आणि एक. या कामात घरातलं धाकटं माणूस लवकर सामील करून घ्या. ओकासान आता फोटो काढायला शेतात जात नाही, तिचे गुडघे दुखतात. विजेचा खांब धरून फोटो काढते ती तिची नात. इकडे गेल्या रोवणीपासून रविवारचा मोबाइल मी माझ्या मुलीच्या हातात दिला आहे. पहिल्या दोन वेळा तिनं निंब सोडून दिला होता. मी तिला धुऱ्यावर नेऊन उभी केली, जिथं उभं राहायचं तिथं एक दगड पुरला.